आधीचं बरं, का आताचं?

"आधीचं बरं, का आताचं?"

डोळ्यासमोरची काच बदलून चाचा हे विचारत, तेव्हा त्यांची मान आपोआप तिरकी होई. मंठ्यात त्यांचं चष्म्यांचं दुकान आणि घर आमच्याच गल्लीत. चष्म्याचा नंबर असाच काढतात, ठाऊक आहे हो. पण चाचा सगळं जगच तसं तपासत. चहा कसा झालाय? "कालच्यापेक्षा बरा." ऊन? "परतूरपेक्षा कमी." नुसतं चांगलं किंवा नुसतं वाईट त्यांच्या तोंडून कधी यायचंच नाही. चाची सांगत, "नवी नवरी होते. कशी दिसते विचारलं, तर म्हणले, फोटोपेक्षा बरी!"

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. त्याच्यावर चिडता येत नाही आणि चिडल्याशिवाय राहवतही नाही.

मी ब्लाउज शिवते. शुगरनं माझे डोळे खराब झाले. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर येणार नाही, आहे ती टिकवू. बायका कापड परत न्यायला लागल्या. शिलाई सुटली तर आपण उरतो तरी कोण, या भीतीनं मी चाचांकडे गेले.

"पहिल्यासारखं दिसंल का, चाचा?"

"पहिल्यासारखं कोणाचंच ऱ्हात न्हाई, ताई. ह्या चष्म्यापेक्षा बरं करून देतो."

माझा तोल गेला. "बरं घेऊन काय करू? सुईत दोरा जातो, न्हाईतर जात न्हाई. त्यात कमी-जास्त काय असतं?"

चाचांनी हातातली काच खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते काचांची पेटी घेऊन माझ्या घरी आले. "दुकानातल्या उजेडात तुम्ही कुठं शिवता?" म्हणाले. मला मशीनपुढे बसवलं, तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवली, हातात काळा दोरा दिला.

"गेला?"

"न्हाई."

"मंग आता?"

"न्हाई."

चहा निवून गेला. मी रडायच्या बेतात होते, आणि दोरा गेला. खरंच गेला का, ते बोटांनी चाचपून पाहिलं.

मागच्या उन्हाळ्यात चाचा वारले. दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मी अजून शिवते, आणि शिवताना त्यांची फार आठवण येते. दोरा गेला त्या दिवशी ते मला फ्रेम काढू देईनात. "एक बाही शिवा," म्हणाले आणि कापडाच्या ढिगाशेजारी बसून राहिले. मी शिवली. त्यांनी ती दारातल्या उजेडात नेली, उलटी केली, टीप न् टीप पाहिली.

"चांगली झाली," म्हणाले.

कशापेक्षा, ते ऐकायला मी थांबले. चाचा पेटी बंद करत होते.