सोमवारी येऊ नये

सरिता गजभिये यांना कुणी काही विचारलं की त्या खरं सांगतात. यात त्यांचा काही मोठेपणा नाही. काहींना उन्हातून आल्यावर शिंका येतात, तसंच हे. लग्नाआधी वडिलांनी बायोडाटा लिहायला बसवलं, तेव्हा 'स्वयंपाक' या शब्दापुढे त्यांनी 'वरण जमते, पोळ्या गोल होत नाहीत' असं लिहून दिलं. वडिलांनी कपाळाला हात लावला. पण देवानंदभाऊंच्या घरी तोवर सुगरणींच्या बायोडाट्यांची चळत लागली होती, आणि त्यांना हाच एक माणसाने लिहिलेला वाटला. लग्न झालं. पोळ्या आजही गोल होत नाहीत, आणि देवानंदभाऊंना तक्रारीला जागा नाही, कारण त्यांना आगाऊ लेखी कळवण्यात आलं होतं.

सक्करदऱ्यात त्यांच्या गल्लीतल्या बाया नवी साडी नेसल्या की सरिताताईंच्या दारावरून जात नाहीत. मागून वळसा घालतात.

नोकरी सरकारी. प्लॉटच्या नकाशांच्या नकला देणारं एक कार्यालय, तिथे त्या वरिष्ठ लिपिक. अर्धी नोकरी एसटीच्या खिडकीशी गेली. या तालुक्यातून त्या तालुक्यात, मांडीवर डबा, कानाला मफलर. आता कुठे घराजवळ बदली मिळाली होती. स्कुटीला नीट किक मारेपर्यंत ऑफिस येतं. निवृत्तीपर्यंत सरकारने आपल्याला इथून हलवू नये, एवढंच त्यांचं मागणं.

तर माहिती अधिकाराच्या कायद्यात एक कलम चार आहे. सरकारी कार्यालयाने कुणी मागायची वाट न बघता आपला कारभार स्वतःहून जाहीर करावा, असं ते सांगतं. कोण कुठे बसतं, कुणाला काय अधिकार आहेत, काम कसं चालतं. हे दरवर्षी ताजं करायचं असतं. या कार्यालयात ताजं करण्याची रीत अशी की मागच्या वर्षीचा मजकूर घ्यायचा आणि वरचं साल बदलायचं. मागच्या वर्षी त्याच्या मागच्या वर्षीचा घेतलेला असायचा. त्यामुळे जाहीर माहितीनुसार कार्यालयात अजून दोन टाइपरायटर सुस्थितीत होते, आणि केव्हाच निवृत्त होऊन नातवंडं खेळवणारे लांजेवार बाबू आवक टेबलावर इमानेइतबारे काम करून राहिले होते.

यंदा हे काम सरिताताईंकडे आलं. त्याआधी एका प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथल्या वक्त्याने सांगितलं, तुमच्याकडे काम प्रत्यक्षात जसं चालतं तसं लिहा, साध्या माणसाला समजलं पाहिजे. सभागृहातले बाकी सगळे जेवणाच्या दाराकडे बघत होते. सरिताताईंनी ऐकलं. हीच काय ती चूक झाली.

त्यांनी जसं चालतं तसं लिहिलं. कार्यालयाचे प्रमुख ठवकर साहेब, त्यांनी सही केली. ठवकर साहेब माणूस चांगला, वाचनाचीही आवड. फक्त ज्यावर सही करायची ते वाचत नाहीत. मजकूर वेबसाइटवर चढला आणि नियमाप्रमाणे त्याचा भलामोठा फ्लेक्स दारावर लागला. 'कामकाजाची पद्धत' या मथळ्याखाली त्यात असं होतं:

'अर्ज आवक टेबलावर द्यावा. तिथून तो साहेबांच्या टेबलावर जातो. डाव्या गठ्ठ्यात गेल्यास लवकर निघतो, उजव्या गठ्ठ्यात गेल्यास आठवण करून द्यावी लागते. सह्या दुपारच्या चहानंतर होतात, चहाआधी होत नाहीत. सोमवारी साहेब मिटिंगला गेले आहेत असे सांगण्यात येते. सोमवारी येऊ नये. साहेबांचा मोबाईल नंबर दिला जात नाही. चंपतराव शिपाई यांना विचारल्यास मिळतो.'

सरकारी बोर्ड लोक वाचत नाहीत म्हणतात. वाचण्यासारखं लिहिलं तर वाचतात. आठवडाभरात इतवारीचे व्यापारी त्याचा फोटो काढून एकमेकांना पाठवू लागले. कामठीहून दोन ऑटो बदलून येणारी माणसं सोमवारी यायची थांबली. बाकीच्या दिवशीही सकाळी ऑफिस रिकामं असायचं. दुपारी समोरच्या टपरीवरून साहेबांचा चहा निघाला की टपरीवाला बंटी आवाज द्यायचा, गेला गा चहा, आणि पाठोपाठ अख्खी टपरी आत शिरायची. अर्ज देताना म्हातारी माणसंसुद्धा हळूच म्हणायची, "ताई, डाव्या गठ्ठ्यात टाकजा बरं."

कामं पटापट होऊ लागली. साहेबांना वाटलं, आपल्या शिस्तीचा परिणाम.

मग आढावा बैठक झाली. मोठ्या साहेबांनी तो मजकूर सगळ्यांसमोर सावकाश, शब्द न गाळता वाचून दाखवला. सभागृहात असं हसू पिकलं की एकाच्या नाकातून चहा आला. ठवकर साहेब परतले ते लाल कानांनी, आणि त्यांनी सरिताताईंना बोलावलं.

"मॅडम, काहून लिहिलं हे?"

"साहेब, कार्यपद्धती लिहा म्हणाले होते."

"माझी इज्जत काढली ना तुम्ही चारचौघांत."

"यातलं चूक कोणतं हाये ते सांगा साहेब. शुद्धिपत्रक काढते."

साहेबांनी चष्मा लावून मजकूर आयुष्यात पहिल्यांदा वाचला. पुन्हा वाचला. बोट एकेका वाक्यावर ठेवलं आणि उचललं. शेवटी ते म्हणाले की सोमवारी आपण खरंच मिटिंगला जातो. सरिताताई नम्रपणे म्हणाल्या, जाता साहेब, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. साहेबांनी चष्मा काढला आणि सांगितलं की दूरच्या तालुक्यात एक जागा रिकामी आहे, तुमच्या बदलीचा प्रस्ताव आज लिहितो. कारण, जनतेची दिशाभूल.

घरी देवानंदभाऊ म्हणाले, "माफी मागून टाक वं. काय जाते तुझं?"

सरिताताई म्हणाल्या, मागते, पण कशाची ते सांगा. भाऊंनी पुष्कळ विचार केला आणि जेवायला बसले. सरिताताईंनी मात्र कपाटावरची एसटीची जुनी पिशवी खाली काढून झटकली. त्या रात्री पोळ्या नेहमीपेक्षाही वाकड्या झाल्या.

इकडे साहेबांपुढे एक अडचण उभी राहिली. दिशाभूल म्हणायची तर एखादी तरी ओळ खोटी ठरायला हवी. त्यांनी सगळ्यात सोपी ओळ निवडली. पुढच्या सोमवारी ते दहाच्या ठोक्याला येऊन खुर्चीत बसले. दिवसभर येणाऱ्या माणसांची कामं करायची, त्यावर सोमवारच्या तारखेच्या सह्या करायच्या आणि तो पुरावा प्रस्तावाला जोडायचा, असा बेत.

एकही माणूस आला नाही.

साहेबांनी पेपर वाचला, कोडं सोडवलं, कोड्याचं उत्तर शेजारच्या पानावर बघितलं. त्यानंतरच्या सोमवारी त्यांनी चंपतरावांना टपरीवर पाठवलं, साहेब बसले आहेत, या म्हणून सांगा. चंपतराव एकटेच परत आले. लोक म्हणत होते, बोर्डावर तर सोमवारी येऊ नका लिहून हाये. आता तू म्हणतो साहेब हायेत. मागं तूच म्हणत होता मिटिंगले गेले. तुह्यं ऐकावं का बोर्डाचं?

मग साहेब स्वतः टपरीवर गेले. टपरीवरच्या माणसांनी साहेबांना कधी जवळून पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते साहेब आहेत यावरही कुणाचा विश्वास बसला नाही. बंटीने त्यांना कट चहा दिला आणि आपलेपणाने सांगितलं, काका, मंगळवारी चहानंतर या, काम होते.

साहेब परत आले ते थेट सरिताताईंच्या टेबलाशी. उभ्या उभ्याच म्हणाले, ती सोमवारची ओळ बदला. सरिताताईंनी विचारलं, बदलून काय लिहू? साहेब म्हणाले, सोमवारी साहेब असतात, असं.

"दोनच सोमवार बसले ना साहेब. आणखी बसा, मग लिहिते."

साहेबांना राग यायला हवा होता. पण रागावून करणार काय? ज्या फ्लेक्सवर लोकांचा विश्वास होता, तो या बाईंच्या हातचा होता. साहेब बसले. महिना उलटला. उगाच बसून तरी काय करायचं म्हणून उजवा गठ्ठा उपसायला घेतला, तर तळाशी लांजेवार बाबूंच्या हस्ताक्षरातले शेरे निघाले.

एका सोमवारी संध्याकाळी सरिताताई नव्या मजकुराचा कच्चा खर्डा घेऊन आत गेल्या. 'महिन्याचा पहिला सोमवार सोडून साहेब सोमवारी असतात, सध्या.' साहेबांनी तो संपूर्ण वाचला, 'सध्या' या शब्दावर जरा अडखळले, आणि सही केली. मग ड्रॉवरमधून बदलीचा प्रस्ताव काढला. सरिताताईंनी साडीचा पदर मुठीत धरला.

"मॅडम, तुम्हाले पाठवलं तर नवा माणूस काय करन?" साहेब म्हणाले. "मागच्या वर्षीचं उतरवन अन् साल बदलवन. मग मी सोमवारी बसून राहिलो, हे खरं कोणाले वाटन?"

त्यांनी कागदाचे दोन तुकडे केले, मग चार. सरिताताईंचा पदर सुटला. त्या वळल्या, दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"साहेब, बदलीचा प्रस्ताव काहून लिहिला अन् काहून फाडला, हेबी पद्धतीत घेऊ का?"

ठवकर साहेबांनी चारही तुकडे टोपलीत टाकले.

"घ्या," ते म्हणाले. "पण मले एकदा वाचून दाखवजा."