मुलाचा फोटो

ताज्या फ्लेक्सच्या शाईचा उग्र वास आला की मला भोकरदनमधलं डिझायनिंगचं दुकान आठवतं, माझी पहिली नोकरी. एका दुपारी मुलीसाठी स्थळ बघणारे एक काका आले आणि काउंटरवर मोबाइल ठेवून म्हणाले, "ताई, ह्या पोराच्या फोटोत काही केलेलं हाये का, बराबर पाहून सांगा." मी फोटो मोठा करून पाहिला. कपाळावरचा व्रण, उन्हानं रापलेली मान, चुरगळलेली कॉलर, सगळं जागच्या जागी होतं. "काका, फोटो जसाच्या तसा आहे," मी सांगितलं. ते फोटोकडं नाही, माझ्याकडं बघत राहिले. "त्यायनं तुमच्याकूनच तर न्हाई ना करून नेला?" मी नाही म्हणाले. "मंग तुमच्या वळखीचे असतील." तेही नाही म्हटल्यावर मोबाइल उचलून ते समोरच्या फोटो स्टुडिओत विचारायला गेले. तेव्हा मला हसू आलं होतं. गेल्या महिन्यात माझा बायोडाटा एका घरी गेला, सोबत भावानं अंगणात काढलेला फोटो, मी जराही हात न लावलेला. परवा आईच्या मोबाइलवर त्यांचा निरोप आला: मुलगी डिझायनर आहे ना, खरा फोटो पाठवा.