दिव्याचं जुनं बटण

यजमान गेले आणि त्यांची मोटारसायकल मुलाकडे आली. बदली होऊन आम्ही चंदीगडला आलो तेव्हा त्यांनी ती घेतली होती. त्या वेळीही ती जुनीच होती. सेक्टर बावीसमधल्या आमच्या खोलीखाली ती संध्याकाळी येऊन थांबायची. इंजिन बंद व्हायचं, मग हँडलवरचं दिव्याचं बटण खट् वाजायचं. तो आवाज आला की मी तवा ठेवायची. खिडकीतून कधी डोकावले नाही. आवाज पुरायचा.

दिवा मात्र पार मंदावला होता. मुलगा मोहालीला कामाला, थंडीत धुक्यातून येतो. गेल्या हिवाळ्यात रस्त्यावर बसलेली गाय त्याला अगदी जवळ गेल्यावर दिसली. गाडी घसरली, गुडघा सोलवटला, तेवढ्यावर निभावलं. यंदा धुकं पडायच्या आधी तो म्हणाला, "आई, रिले लगवा लेता हूँ. और ये स्विच भी नया."

माझं मराठी त्याला सगळं कळतं, पण बोलतो हिंदीत. रिले काय ते मला माहीत नव्हतं. बटण जाणार एवढं कळलं.

"मी पण येते," मी म्हणाले. तो बघतच राहिला. मी कुठे जात नाही.

इंडस्ट्रियल एरियात मिस्त्रीचं छोटं दुकान होतं. त्याने रिलेची काळी डबी दाखवून मुलाला समजावलं, ते मीही ऐकलं. दिव्याची सगळी वीज आजवर बटणातून आणि जुन्या बारीक तारांतून जात होती. निम्मा जोर वाटेतच संपायचा, बटणही तापायचं. आता बॅटरीपासून रिलेतून दिव्यापर्यंत जाड तार टाकायची. बटणाने रिलेला नुसता इशारा द्यायचा.

मग त्याने बटण उघडलं. आत लाल-पिवळा घट्ट थर होता.

"ओ जी, इसमें तो हल्दी भरी पड़ी है! सब्ज़ी बनानी थी?"

मुलगा हसला. मला हसू आलं नाही. दसऱ्याला हे गाडी धुवायचे, झेंडूची माळ दिव्याला घालायचे, पण हळदकुंकू बटणालाच लावायचे. "दिवा इथनं लागतो," म्हणायचे. चिमूटभर लावून त्यांचं मन भरायचं नाही. मग तेच बोट माझ्या कपाळाला. इतक्या दसऱ्यांचं हळदकुंकू फटीतून आत उतरलं होतं आणि आतल्या पट्ट्या खात बसलं होतं.

"माता जी, ये तो गया. नया डाल दूँ?" बटण त्याने भंगाराच्या डब्यावर धरलं होतं.

परक्या माणसाशी मी सहसा बोलत नाही. तरी बोलले. "नहीं भैया. यही रखो."

"अंदर गंद भरा है जी, चलेगा नहीं."

"मैं साफ करती."

"आई, छोड़ो ना," मुलगा म्हणाला.

"तू गप बस."

मिस्त्रीला मराठी येत नव्हतं, पण एवढं कळलं. "बैठ जा पुत्तर, तेरी नहीं चलनी."

त्याने झाकणात थोडं पेट्रोल आणि जुना टूथब्रश दिला. मी स्टुलावर बसून घासत राहिले. थर सुटला आणि कुंकू बोटाला लागलं. हे गेल्यापासून मी कुंकवाला हात लावला नव्हता. मुलगा नवा बल्ब बघत होता. मी बोट पदरात धरलं आणि दुसऱ्या हाताने घासत राहिले.

मिस्त्रीने पट्ट्या उजेडात धरून पाहिल्या. "घिस गई हैं. पूरा लोड होता तो जल जातीं. अब तो बस इशारा करना है. कर लेंगी."

जोडून झाल्यावर त्याने ते दाबलं. आधी खट्, मागोमाग टाकीखालच्या डबीत बारीक टक्, आणि समोरची भिंत पांढरी झाली. मुलाने बटणावरून एकदा अंगठा फिरवला.

धुकं पडायला लागलं. पहिल्याच संध्याकाळी मी खिडकीत जाऊन उभी राहिले. मुलगा येईपर्यंत आत बसवेना. वळणावरून एक पांढराशुभ्र उजेड आला, दूरवरचा रस्ता दाखवणारा. ह्यांचा उजेड पिवळा असायचा. दुसरंच कोणी असेल म्हणून मी वळले.

इंजिन थांबलं. मग खट्.

मी तवा ठेवला.