अर्थ नाही, सर

तिला सगळे कॉइलबाई म्हणतात. जळलेल्या मोटारी उघडून त्यांत तांब्याची तार नव्याने भरायचं वडिलांचं दुकान, आणि शाळकरी वयापासून ही तिथे वेढे मोजत बसलेली. सत्ताविसाव्या वर्षी ती विद्यापीठात इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर इंजिनियरिंग शिकायला गेली, तेव्हा समोरचा शिंपी म्हणाला, "आता काय, मोटारीला इंग्रजीत विचारणार, बाई गं, तू का जळलीस?" मी त्याला दिलेलं उत्तर इथे छापता येणार नाही.

मोर्चे-घोषणा करणाऱ्या आमच्या संघटनेची खोली तिच्या दुकानाला लागून. तिचं शिक्षण मी भिंतीपलीकडून ऐकलंय. सकाळी मोटारी सोलायच्या, दुपारी वर्ग, संध्याकाळी वार्निशच्या वासात मांडीवर लॅपटॉप. वर्गातली पोरं आधी "काकू आली, काकू आली" करायची. मग तारांना कथलाचा डाग द्यायच्या, म्हणजे सोल्डरिंगच्या तासाला त्यांची बोटं भाजायला लागली, आणि "काकू, जरा बघता का?" सुरू झालं.

शेवटच्या वर्षी वडील आजारी पडले आणि तिची एक प्रात्यक्षिक परीक्षा हुकली. पुढच्या वर्षी ती द्यायची, आणि तीही गेली तर नाव कटणार, असा नियम. ते पुढचं वर्ष उजाडलं, परीक्षा दुपारी एकपर्यंत होती. बाई अकरालाच परत. तार घेऊन बसली आणि मोजणी चुकली. ती मोजणी चुकते म्हणजे घरात कुणी गेलंय असंच वाटावं.

"काय झालं गं?"

"सरांनी हाकललं, ताई. उद्धट म्हणाले."

सरांनी स्वतःच्या हातांनी एक पॅनेल बनवलेलं. लोखंडी पेटी, आत कॉम्प्युटर, त्याच्या हुकमावर बाहेरची मोटार फिरणार. सर कौतुकाने म्हणाले, "याच्याबद्दल काय वाटतं, सांग." हिने दुकानातल्या सवयीने पेटीला बोटाची उलटी बाजू हळूच लावली आणि म्हणाली, "सर, याला अर्थ नाही."

वर्ग फुटला हसून.

"काय म्हणालीस?"

"खरंच नाही, सर. पहिल्यापासूनच नसेल."

"बाहेर हो!"

दुकानात गळती वीज जमिनीत सोडणाऱ्या हिरव्या वायरला अर्थ म्हणतात. अर्थ तुटलाय, अर्थ लावून दे, दिवसातून दहादा. पुस्तकात तिचं नाव ग्राउंड, आणि सरांचा सगळा जन्म पुस्तकात गेलेला. मी आधी हसले. मग डोकं फिरलं. शिकलेल्या माणसाला समोरच्याची भाषा कळत नाही, आणि उद्धट कोण, तर ही!

मी तिथल्या तिथे निवेदन खरडलं. "चल. दारातच बसते त्यांच्या. बघू कोण नाव कापतं!"

"ताई, तुमचा घसा नको. मीटर घेते," ती म्हणाली. मला झोंबलं. पण निवेदन खिशात घालून गेले तिच्यामागे.

प्रयोगशाळेच्या दारात तिथले शिपाईमामा. "सर भडकलेत, आत जाऊ नका," म्हणाले आणि दार उघडून बाजूला झाले. आत सर वर्गाचा गुणतक्ता भरत होते. हिच्या नावापुढे भोपळा मांडलेला, खाली सही बाकी.

"सर, दोन मिनिटं. मत नाही सांगत, आकडा दाखवते."

मीटरचं एक टोक पेटीला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थला. एकशे बारा व्होल्ट.

"अगं बाबो!" मामा ओरडले. "ही पेटी पुसताना हाताला मुंग्या यायच्या. मी रोज वाताची गोळी घेतोय!"

सरांनी स्वतः वीज बंद करून मागचं झाकण काढलं. आत हिरवी वायर, कापून, वर चिकटपट्टी गुंडाळलेली. प्लगला दोनच पिना, तिसरीची, अर्थच्या पिनेची, कुणी अडचण ठेवलीच नव्हती. सरांचे कान लाल झाले. मग परीक्षेचाच आवाज काढून त्यांनी विचारलं, "एकशे बाराच का? दोनशे तीस का नाही?"

"कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळायला दोन कपॅसिटर असतात, सर. एक फेजच्या दोनशे तीसकडून, एक न्यूट्रलच्या शून्याकडून, दोन्ही पेटीला जोडलेले. अर्थ सुटला की पेटी दोघांच्या मधोमध लोंबकळते. म्हणून निम्मे."

"मग सकाळी सरळ ग्राउंड म्हणायला काय झालं होतं?"

"दुकानात ग्राउंड म्हटलं तर गिऱ्हाईक बॅट घेऊन येईल, सर."

मामा खोकले. सर हसले नाहीत. त्यांनी भोपळ्यावर काट मारली, शेजारी एकसष्ट लिहिले, सही केली. सकाळच्या 'उद्धट'बद्दल अवाक्षर नाही. मी निवेदनासाठी खिशात हात घातला, तर कॉइलबाईने माझ्या पायावर पाय ठेवला. तोही चांगला जोरात.

"ती वायर जोडून तीन पिनांचा प्लग लावून दे जाताना," सर म्हणाले.

ती केव्हाच खाली बसली होती, दाताने हिरवं आवरण सोलत.