प्रेमकुंवरभाभींच्या गळ्यातला टाक

माझी फॉल-पिकोची टपरी पाचोऱ्यात मिश्रीलालशेठच्या कापडदुकानाला चिकटून आहे. त्यामुळे त्यांच्या घरातलं बरंच काही माझ्या कानावर येतं, आणि जे येत नाही ते प्रेमकुंवरभाभी स्वतः येऊन सांगतात. शेठ माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी काय काय बोलेन याचा नेम नाही.

भाभी म्हणजे शेठची दुसरी बायको. पहिली सज्जनबाई लग्नानंतर दोन वर्षांत तापाने गेली. चोविशीचीही नव्हती बिचारी. वर्ष उलटायच्या आत भाभी राजस्थानातून इथे आल्या. दुसरेपणाचं लग्न, मग कसला बँड आणि कसला फोटोग्राफर! पाच माणसांत उरकलं. आल्या त्याच दिवशी सासूने त्यांच्या गळ्यात सवतीचा टाक घातला. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईची आकृती. मेलेल्या पहिलीला दुसरीने असं गळ्यात वागवलं की ती त्रास देत नाही म्हणे. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची, मग नेसायची. ताटातला पहिला घास तिच्या नावाने बाजूला काढायचा. भाभींनी तीस-एक वर्षं हे सगळं मुकाट केलं. मी असते तर पहिल्याच आठवड्यात तो टाक हिवरा नदीत भिरकावला असता!

शेठच्या बैठकीत भिंतीवर एकच मोठा फोटो, शेठ आणि सज्जनबाईंच्या लग्नातला. त्याचा हार शेठ रोज सकाळी स्वतः बदलतात. भाभींचा आणि शेठचा, दोघांचाच असा, एकही फोटो नाही. लग्नकार्यातल्या घोळक्यात कुठेतरी असतील, तेवढंच.

"मोहिनी, उद्या मी मेले तर लोकांना वाटेल ही बाई यांच्याकडे कामाला होती," भाभी एकदा साडीला फॉल लावायला आल्या तेव्हा म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण मला काही हसू आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात गावातल्या ट्रॅव्हल्सवाल्याने मथुरा, वृंदावन, आग्रा अशी सहल काढली, आणि भाभी जन्मात पहिल्यांदा हट्टाला पेटल्या. ताजमहालापुढे दोघांचा एक फोटो काढायचा, मोठा करायचा आणि बैठकीत लावायचा. बाकी काही नको. शेठ चक्क हो म्हणाले. भाभींनी मलाही ओढलं, कारण त्यांच्या मते माझ्या मोबाइलमध्ये फोटो झकास येतात.

धुळं ओलांडून बस सोनगीरला चहासाठी थांबली तेव्हाच भाभींनी पिशवीतली पेरूच्या रंगाची नवी साडी मला काढून दाखवली. "ही त्या दिवशी नेसणार," म्हणाल्या. लहान पोरीसारख्या हरखल्या होत्या. दोन दिवस खाखऱ्यांवर काढले, पण तोंडावर थकवा म्हणून नाही.

ताजमहालात आमच्या घोळक्याला एक गाइड मिळाला. राणी बऱ्हाणपुरात वारली, मग तिला इथे आणलं, राजाने तिच्यासाठी एवढं सगळं बांधलं, असं तो रंगवून सांगत होता. बऱ्हाणपूर म्हणजे आपल्या रावेरच्या पलीकडचंच, म्हणून आमच्या बायकांनी कान टवकारले. मंजुळाबाई म्हणून आमच्यात एक म्हातारी होती, ती मोठ्याने म्हणाली, "माय वं! मरेल बाईसाठे इतलं? मंग जित्ती व्हती तवय काय करं व्हतं?" बस्स, बठ्ठ्या बायका खो खो हसल्या.

आत कबरीच्या जाळीपाशी मात्र शेठ थांबले ते हलेचनात. रुमाल काढला. खांदे हलायला लागले. "सज्जनला बोललो होतो, तुला ताजमहाल दाखवीन," म्हणाले. "राहून गेलं."

भाभी शेजारीच उभ्या होत्या. पेरूच्या रंगाच्या साडीत. त्यांनी शेठच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे माणसा, शेजारी जिवंत बाई उभी आहे, तिला तरी दाखवलास का तू? तिने स्वतःला स्वतःच आणलंय इथे! पण मी पडले शेजारीण.

बाहेर आल्यावर भाभींनी गाइडला हळूच विचारलं, "राजाला बाकीच्या बायका नव्हत्या?"

"होत्या ना. त्यांच्या कबरी बाहेरच्या चौकात, कोपऱ्यांत. तिकडे कोणी जात नाही."

मग भाभी ताजमहालासमोरच्या बाकड्यावर बसल्या. पदर सारखा केला आणि टाक पोलक्याच्या आत सारला. शेठ डोळे पुसून शेजारी टेकले. मी फोटो काढला. भाभी दात दिसेपर्यंत हसत होत्या. त्यांना तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

परतताना शेठ बसकडे गेले. भाभी मला घेऊन बाहेरच्या चौकातल्या कोपऱ्याकडे वळल्या. लाल दगडाची इमारत होती, दाराला कुलूप. भाभींनी त्या कुलपालाच हात जोडले. "इतक्या लांब आलोय, हिलाही भेटून जावं," म्हणाल्या.

पाचोऱ्याला आल्यावर शेठ म्हणाले, "फोटो दे, मीच मोठा करून आणतो." मला बाई बरंच वाटलं! म्हटलं, उशिरा का होईना, सुचलं. भाभींनी भिंतीवर खिळा ठोकून घेतला. फ्रेम यायच्या दिवशी मला आणि मंजुळाबाईला जेवायलाच बोलावलं.

शेठनी कागद फाडला आणि फ्रेम भिंतीला लावली. मागे पांढराशुभ्र ताजमहाल. बाकड्याच्या एका टोकाला शेठ. दुसऱ्या टोकाला भाभी, एक कोपर कापलं गेलेलं. आणि मध्ये, लग्नातल्या शालूत, सज्जनबाई.

"स्टुडिओवाल्याने काय सफाईने बसवलीय!" शेठ कौतुकाने म्हणाले. "तिचंही राहून गेलं होतं. आता तिघं एकत्र." आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी जुन्या फोटोवरचा ताजा हार काढून नव्याला घातला.

"अवं माय! जित्ता माणूसले हार घालतस का कोनी?" मंजुळाबाई ओरडली.

शेठ गोंधळले. हार काढायला हात वर केला, तर भाभी म्हणाल्या, "असू द्या."

त्यांनी फोटो नीट बघून घेतला. मग माझ्याकडे पाठ करून मान वाकवली. "मोहिनी, मागचा फासा काढ गं."

इतक्या वर्षांचा फासा, गच्च बसलेला. निघाला एकदाचा. भाभींनी टाक फ्रेमच्या खिळ्याला अडकवला.

"अगं, तो काढायचा नसतो!" शेठचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काही बरंवाईट झालं म्हणजे?"

"ही आता तुमच्याशेजारी बसलीय ना? मग माझ्या गळ्यात कशाला?"

एवढंच बोलल्या, आवाजही चढवला नाही. आम्हाला म्हणाल्या, "बसा जेवायला, गार होतंय." सगळ्यांना वाढलं आणि स्वतःचंही ताट घेतलं. शेठ उभ्याउभ्याच त्यांच्या हाताकडे बघत होते, आणि मीही.

भाभींनी पहिला घास मोडला आणि स्वतःच्या तोंडात घातला.