अण्णांचं होल्स्टर आणि इस्त्रीची पँट

मंडळी, आज डोकं फिरलंय! उसात डुकरं शिरतात म्हणून आमच्या माजी सैनिक अण्णांना लायसनचं रिव्हॉल्वर कमरेला पाहिजे. शिकार कधीच बंद झाली, पण त्यासाठी रिव्हॉल्वरवर बसवलेली दुर्बीण काढणार नाहीत. मग तयार होल्स्टरमध्ये, म्हणजे पट्ट्याला अडकवायच्या म्यानात, ते बसणार कसं?

अख्खी सकाळ सांगलीत मला सोबत घेऊन त्यांनी इस्त्रीच्या पँटीच्या पट्ट्याला एकेक लावून बघितलं. हे टोचतंय, ते लोंबतंय! शेवटी एक चामड्याचं पसंत पडलं.

घरी येऊन रानात जायला पायजमा चढवला आणि माझ्यावरच ओरडले, "आता हे अडकवू कुठं, नाडीला? तुला सांगाया काय झालतं रं?"

होल्स्टर आता पँटीसकट खुंटीला लटकतंय. अण्णा काठी घेऊन डुकरं हाकलायला गेलेत. आणि चूक म्हणे माझी! तुम्हीच सांगा, होल्स्टर घ्यायला सांगलीला पायजम्यावर कोण जातंय?