दोन भाकऱ्यांमधलं लोखंड

साऱ्या सांगली-साताऱ्यात ‘मला ठाऊक नाही’ असं छाती काढून सांगणारे एकच प्राध्यापक झाले, आमच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे सर. आणि बुवाबाजीविरुद्ध पत्रकं काढायचा माझा उद्योग; भोंदू म्हणून मी पत्रक काढलं ते नेमकं त्यांच्यावर!

सर माणदेशातल्या मेंढपाळाच्या घरातले. वर्गात पुस्तकी बोलत, बाहेर पडले की थेट गावाकडचं. कार्बनच्या दोन कड्यांमध्ये लोखंडाचा एक अणू धरलेल्या नारिंगी संयुगानं त्यांना झपाटलं होतं. एसटीच्या तिकिटावर तेच चित्र. तासगावच्या एका लग्नात त्यांनी दोन भाकऱ्यांमध्ये लाडू ठेवून वरबापाला समजावलं, “ह्या भाकऱ्या कार्बनच्या, लाडू लोखंडाचा.” वरबाप म्हणाले, “व्हय व्हय. भात वाढू का?”

कॉलेजच्या मागच्या खोलीत ते कॅन्सरची गाठ झालेल्या उंदरांना त्या संयुगाचा क्षार टोचत. “आवं, माझं डोकं दुखतंय ते कवा बघणार?” असं सरांच्या पत्नी विचारायच्या. “तू उंदीर न्हाईस,” हे उत्तर. काही उंदरांची गाठ विरघळली. “औषध गाठीला मारतंय, का अंगातल्या शिपायांना जागं करतंय, ते बघायचं हाय,” सर म्हणायचे. त्यासाठी बऱ्या झालेल्या उंदरांना पुन्हा तोच रोग टोचायचा होता; औषधाशिवाय गाठ धरली नाही, तर शिपाई जागे. दिवसही ठरला होता.

तेवढ्यात लोखंडानं कॅन्सर जातो अशी बोलवा उठली. माधवनगरला सरांच्या दारात रांग लागली. मी ती पलीकडच्या फुटपाथवरून पाहिली आणि तडक छापखाना गाठला. ‘लोखंडाचं पाणी पाजणारा प्राध्यापक!’ सर दारात हात जोडून एकेकाला काय सांगत होते, ते मला नंतर कळलं. “उंदराचं ठाऊक हाय, माणसाचं न्हाई. मिरजेला डॉक्टरकडं जावा.”

कॉलेज घाबरलं. खोलीला कुलूप लागलं, उंदीर कुणीतरी नेले. राहिलेला प्रयोग राहिलाच.

मी माफी मागायला गेलो, तेव्हा माझं पत्रक लाल शाईनं तपासून टेबलावर होतं. “‘पाणी’ खोड गड्या. पाण्यात विरघळतंय कुठं ते? त्याचा विरघळणारा क्षार करताना माझी लय वर्षं गेली.”

मी माफीचं पत्रक काढलं. पहिलं तासगावपर्यंत हातोहात गेलं होतं, दुसऱ्यात गाडीवाल्यानं भजी बांधली. तरी एक प्रत सरांना दिली. त्यांनी ती चष्मा पुसून दोनदा वाचली, एकही चूक काढली नाही.

“चांगलं लिवलंयस,” ते म्हणाले. “पर तवाच रस्ता वलांडून यायचं हुतंस रं. मी घरातच हुतो.”